दिवेलागणीचं मीठ

"दिवे लागलेत आणि तू मीठ मागायला आलीस? एकदा अद्दल घडली ती पुरली नाही का गं?"

शांतवन पाटोळे दारात आडवा उभा राहून राहेलबाईला बोलत होता. पिंपळदरा गावात ख्रिस्ती मंडळीचा वडील म्हणून त्याला मान. रविवारी शास्त्रवाचन तोच करायचा, आवाज खणखणीत.

"माझ्यासाठी नाही, दादा," राहेलबाई म्हणाली. "वस्तीत अकरा घरांत हगवण लागलीय. तीतस बाबांनी सांगितलंय, उकळलेल्या पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घालून पाजायचं. गूळ आहे. तुमच्याकडे मिठाचं पोतं आहे ना."

"आहे. म्हणून दिवे लागल्यावर घरातली बरकत बाहेर घालवू? सात वर्षांपूर्वी तू शेजारणीला असंच मीठ दिलंस. महिन्यात नवरा गेला. जा, तुझा येशू भरेल तुझी बरणी."

ओट्यावर बसलेले दोघं हसले. मला हे ऐकताना दरवेळी राग येतो. येशू काय एकट्या राहेलबाईचा होता? वाचन कोण करायचं?

तीतस बाबा म्हणजे गावोगाव फिरणारे उपदेशक; तेव्हा ते पिंपळदऱ्याला आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पडवीत उतरले होते. एक घोंगडी, एक तांब्या, एवढाच त्यांचा संसार. पुढच्या गावाला जायचं होतं, पण आठ दिवस पाऊस थांबेना, नदीनं वाट अडवली आणि बाजारही तुटला. देवानंच त्यांना अडवून ठेवलं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात.

राहेलबाई त्यांच्यापुढे येऊन बसली. रिकामी वाटी जमिनीवर ठेवली.

"नाही दिलं ना?" बाबांनी विचारलं.

"नाही. बाबा, माझ्या बरणीत दोन मुठी मीठ आहे. पण माझा हात होत नाही. लोक म्हणतात ते खरं असलं तर? आता घरात फक्त माझी लेक आहे."

बाबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुझा नवरा तापानं गेला, बाई. तेव्हाही मी इथंच, त्याच्या उशाशी होतो. मीठ दिल्यानं कुणी मरत नाही, न दिल्यानं मात्र आज मरेल." मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, "बरणीत डोकावू नकोस. घेणाऱ्याच्या वाटीकडे बघ."

राहेलबाई उठली. लेकीला जवळ बसवलं आणि बरणीचं झाकण काढलं. पहिली चिमूट शेजारणीच्या वाटीत पडली. मग दुसरी वाटी आली, मग तिसरी. ती नुसता हात घालायची आणि द्यायची, आत बघायची नाही. सकाळ झाली, दुपार झाली, वाट्या येतच राहिल्या. तीन दिवस! मिठानं तिच्या बोटांच्या भेगा चरचरायला लागल्या, पण हाताला बरणीचा तळ लागला नाही. अकरा घरांतली माणसं एकेक करून उठून बसली. लेक तिच्या मांडीशी चिंचोके खेळत होती, ठणठणीत.

तिसऱ्या संध्याकाळी शांतवनच्या आईला जुलाब सुरू झाले. दिवे लागल्यावर मीठ देऊ नये, हे त्याला शिकवणारी हीच सलोमी आजी. डोळे पार आत गेले तिचे. शांतवननं धावत जाऊन पोतं उघडलं. पोतं भिजून मऊ पडलं होतं. आठ दिवसांच्या ओलीनं खडे मीठ पाझरून भिंतीखालून वाहून गेलेलं, तळाला नुसता चिखल. कुणाला मूठभर दिलं नाही आणि मातीनं सगळं खाल्लं.

तो राहेलबाईच्या दाराशी येऊन उभा राहिला. दिवे लागले होते. मागायचं कोणत्या तोंडानं?

राहेलबाईनं त्याला बघितलं. पडवीतून आलेले बाबाही तिथंच बसले होते. तीन दिवसांपूर्वीचे ते शब्द तिला आठवले असतील का? आठवले असणारच. ती म्हणाली, "दादा, वाटी आणली नाहीत? मग ओंजळ करा."

त्यानं ओंजळ पुढे केली. तिनं चिमूट नाही, मूठ भरून घातली.

घरी सलोमी आजी पाणी पिता पिता पुटपुटली, "दिवे लागल्यावर मीठ कुणी दिलं रे?"

"राहेलनं."

आजीनं हातातला तांब्या रिकामा केला. "मग आण अजून एक तांब्या."

पहाटेपर्यंत म्हातारी सावरली. उजाडताच शांतवन आला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला लागला. बाबांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

"मी काय दिलं तुला? वाकायचंच असेल तर त्या चुलीपाशी वाक. तिची बोटं चिरलीत, तिला आज फुंकणीसुद्धा धरवत नाही."

आणि मंडळीचा वडील, खणखणीत आवाजाचा शांतवन पाटोळे, राहेलबाईच्या चुलीपुढे गुडघ्यावर बसून, जमिनीला डोकं लागेल इतका वाकून फुंकर घालत राहिला. धुरानं त्याचे डोळे वाहत होते. निदान तो तरी तसंच म्हणत होता.

तेव्हापासून आमच्या वस्तीत दिवे लागल्यावर मिठाला नाही म्हणत नाहीत. अजून पुष्कळ सांगण्यासारखं आहे, पण आत्ताच दिवे लागलेत आणि दारात कुणीतरी वाटी घेऊन उभं आहे. मला उठायला हवं.