वैद्यबुवांची फिरवलेली अक्षरे

फार पूर्वीची गोष्ट. राजाला गादीवर बसून नऊ वर्षे झाली होती. आश्विन वद्य पंचमीचा दिवस होता. पाऊस उघडून आठ दिवस झाले होते आणि भात पिवळे पडू लागले होते. त्या दिवशी काय झाले ते सांगतो. लहानांनी ऐकावे, थोरांनी तर ऐकावेच.

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक वैद्य राहत. सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. त्यांच्या हाताला गुण होता. बोलणे मात्र तोडून असे.

बुवांची सगळी विद्या एका पोथीत होती आणि ती पोथी दुसऱ्या कोणाला वाचता येत नसे. अक्षरे आपलीच होती, पण बुवांनी ती फिरवली होती. क लिहायचा तिथे ते म लिहीत, म लिहायचा तिथे क. अशा सगळ्या अक्षरांच्या जोड्या त्यांनी मनात लावल्या होत्या. त्या कुठे लिहून ठेवल्या नव्हत्या. फळीवरच्या औषधांच्या गाडग्यांवर चुन्याने नावे घातली होती, तीही तशीच. आपला एखादा काढा दुसऱ्या वैद्याने उचलू नये, म्हणून हा बंदोबस्त.

गावचा कुंभार विचारी, "बुवा, पोथी तुम्ही लिहिलीत, का शाईत पाय बुडवून मुंग्या चालल्या?"

"मुंग्यांनाच विचार," बुवा म्हणत. लोक हसत. बुवा मनातून सुखावत.

त्यांची सून सुंदरा. तिला अक्षरे बुवांनीच शिकवली होती. "माझी सून वाचते," असे ते चारचौघांत सांगत. पण पोथीचा विषय निघाला की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

"मामंजी, जोड्या मला तरी सांगून ठेवा," एकदा ती म्हणाली. "घरात लहान मूल आहे."

"मी मेलोय का?"

"तसं नाही हो. तुम्ही बाहेरगावी असलात तर?"

"तर परत येईन. दळण बघ जा."

खरे तर ती विद्या बुवांची नव्हतीच. डोंगरावर ठकूबाई नावाची एक म्हातारी होती. कोणती मुळी, किती, कशात उगाळायची, हे सगळे तिने त्यांना दोन पावसाळे जवळ बसवून शिकवले होते. दक्षिणा घेतली नाही. एवढेच म्हणाली, "मी तुला दिलं, तसं तू तीन घरी दे. म्हणजे माझं देणं फिटलं म्हणेन." ठकूबाई जाऊन बावीस वर्षे झाली होती. बुवांनी एकाही घरी दिले नव्हते.

त्या पंचमीला बुवा नदीपलीकडे एका आजाऱ्याला बघायला गेले. मुलगा मिठाच्या तांड्याबरोबर कोकणात गेलेला. घरी सुंदरा आणि तिची पाच वर्षांची तानी, दोघीच होत्या.

दुपारी तानीने कुंपणावरच्या वेलीची काळी फळे खाल्ली. घटकाभरात तिचे डोळे तारवटले, जीभ जड झाली. कुंभार बुवांना आणायला नदीकडे पळाला.

ह्या फळांच्या विषावरची मुळी सुंदराला नावाने ठाऊक होती. तिची पूड पाजली की उलटी होते आणि मूल वाचते, हे तिने पाहिले होते. पूड घरातच होती. फळीवरच्या अकरा गाडग्यांपैकी एकात. पण बाकीच्यांत चार विषे होती, हेही तिला ठाऊक होते.

बुवा आले तेव्हा दिवस कलला होता. दारात माणसे उभी होती. बाजूला होऊन सर्वांनी वाट दिली.

तानीला घोंगडीवर निजवले होते. तिच्यावर पांघरूण होते, तोंडावरून. शेजारी अकरा गाडगी ओळीने मांडली होती आणि सुंदराच्या मांडीवर धूळपाटी होती. तिने दुपारभर अक्षरे लावून पाहिली होती. हळद रंगावरून कळली, हिंग वासावरून कळला. त्या दोन नावांवरून काही जोड्या तिने शोधल्या होत्या. बुवांनी पाटी पाहिली. जेवढ्या जोड्या होत्या, तेवढ्या सगळ्या बरोबर होत्या.

"आठ गाडगी बाजूला काढली होती मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ही तीन राहिली होती."

बुवांनी तिन्हींतले मधले गाडगे उचलले. "हे."

"मलाही हेच वाटत होतं. पण नुसतं वाटतं म्हणून लेकीला कसं पाजू?"

बुवा भिंतीला टेकून खाली बसले.

"वाचायला तुम्हीच शिकवलंत, मामंजी. मग वाचू का दिलं नाहीत?"



सुतक संपल्यावर त्यांनी गाडग्यांवरचा चुना धुतला आणि सरळ अक्षरांत नावे घातली. मग पोथीही तशीच नव्याने लिहायला बसले. नजर अधू झाली होती. महिनाभराने पोथी झाली, ती त्यांनी सुंदरापुढे ठेवली. तिने हात लावला नाही. पोथी चार दिवस कोनाड्यात पडून राहिली. पाचव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "बसा. पहिल्या पानापासून सांगा."

दुसरी पोथी कुंभाराच्या घरी गेली. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून बुवांनी आधी अक्षरे शिकवली. त्यात सारा उन्हाळा गेला. कुंभाराने एकदाही थट्टा केली नाही.

तिसरी पोथी घेऊन बुवा काठी टेकत नदीपलीकडे एका सुइणीकडे गेले.

जी विद्या जीव वाचवण्यासाठी मिळाली, ती लपवून ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही.

सुइणीने पोथी उघडली आणि पहिले पान न अडखळता वाचले. ठकूबाईचे देणे फिटले.