विदरकोटच्या घंटेचा दोर

इंग्लंडच्या उत्तरेला विदरकोट नावाचे एक खेडे आहे. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यात घंटा चांगली धडधाकट आहे, दोरही लोंबतो आहे. पण नवा राजा गादीवर बसला की साऱ्या मुलखात घंटा घणघणतात आणि इथली मात्र गप्प राहते. असे का, हे आम्ही चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या विनिफ्रेडबाईंना विचारले. बाई म्हाताऱ्या आणि बोलायला फटकळ. "सांगते," त्या म्हणाल्या, "पण गावाचं कौतुक ऐकायला आला असाल तर बाहेर बसा."

त्या काळी म्हणे राजा बदलला की देवाची पूजाही बदलायची. एक पोरवयाचा राजा गादीवर आला आणि चर्चमधल्या मूर्ती काढून टाकण्याचा हुकूम निघाला. विदरकोटला उंच कमानीवर मरियामातेची लाकडी मूर्ती होती. बाळंतपणाआधी बायका तिच्यापुढे गुडघे टेकत. पण हुकूम तो हुकूम, गावाने ती उतरवायचे ठरवले. वर चढणार कोण? एवढी उंच शिडी एकाचीच, छपरे शाकारणाऱ्या अँब्रोजची. तो नाही म्हणाला. गावाने आधी गळ घातली, मग दटावले. शेवटी तो चढला, मूर्तीची क्षमा मागितली आणि घंटेचा दोर सोडवून तिच्या गळ्यात बांधला, असे सांगतात. खाली सारे गाव दोराला लागले होते, सगळ्यांनी मिळून ओढले. मूर्तीचे तुकडे झाले आणि ते लोकांच्या चुलीत गेले.

तो राजा लहान वयातच वारला. त्याची थोरली बहीण राणी झाली, ती जुन्या, मूर्ती मानणाऱ्या धर्माची. गावाने दोर पुन्हा घंटेला बांधला आणि तिच्या नावानेही उत्साहाने घंटा वाजवली. मग मूर्तीच्या चौकशीला अधिकारी आले. त्यांचे म्हणणे साधे होते. साऱ्या गावाने पाडली असेल तर साऱ्यांनी अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन चर्चला फेरी घालावी, विषय संपला. एकट्याने पाडली असेल तर त्याला तुरुंग.

गावाला अनवाणी चालायची लाज वाटली, कारण एवढेच. शेजारच्या गावचे लोक बघायला येतील, हसतील. शिडी कोणाची, वर कोण चढले, दोर कोणी बांधला, असे विचारल्यावर सगळ्यांनी अँब्रोजचे नाव सांगितले. खोटे कोणीच बोलले नाही.

अँब्रोजची बायको सिसिली घंटेच्या त्याच दोराचे टोक हातात घेऊन चर्चच्या मधोमध उभी राहिली. म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी ओढला त्यांनी याला हात लावा. माझा माणूस घरी येईल."

कोणी जागचे हलले नाही. अँब्रोजनेही कोणाचे नाव घेतले नाही. त्याला घेऊन गेले, आणि त्याच हिवाळ्यात तो तुरुंगात मेला.

पुढे ती राणीही वारली, धाकटी बहीण गादीवर आली आणि धर्म पुन्हा उलटला. आता मूर्ती पाडणारा मोठा माणूस ठरला असता. घंटा वाजवायला गाव मनोऱ्याखाली जमले. घंटा वाजवणाऱ्याने दोर धरला, पण त्याचा हात काही खाली येईना. दुसरा मदतीला गेला, तिसरा गेला. बघता बघता सारे गाव दोराला हात लावून उभे होते आणि ओढायची हिंमत कोणालाच होत नव्हती. सिसिली दारात आली. तिने एकेकाचा हात पाहिला. "आता लावलात," एवढे म्हणून ती घरी गेली.

आजही नवा राजा गादीवर बसला की विदरकोटचे लोक अनवाणी येतात, दोराला हात लावून मुकाट उभे राहतात आणि न ओढताच परततात. मागच्या राज्याभिषेकालाही असेच झाले म्हणे. निघताना मी सहज दोराकडे हात नेला, तर विनिफ्रेडबाईंनी तो अडवला.

"तुम्ही नका लावू," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओढला नव्हता."