बेतलेलं कापड सरकलं तर

मूत्रपिंडातली गाठ काढण्यासाठी अंबादास शिंप्याला टेबलावर कुशीवर निजवलं. वर टांगलेले शस्त्रक्रियेच्या यंत्राचे चार हात पाहून त्याने डोळे मिटून घेतले.

डॉ. राजाध्यक्ष ऐटीत म्हणाले, "भिताय कशाला? पोटातला नवा फोटो काढण्यात तासभर जातो, म्हणून यंत्राला कालचाच दिलाय. त्यात आखलेल्या रेघेवरून ते केसभर ढळणार नाही."

अंबादास म्हणाला, "साहेब, भीती त्याचीच वाटते. काल फोटो काढताना मी उताणा होतो, आज कुशीवर आहे. बेतलेलं कापड जरा सरकलं, तरी माझी कात्री थांबते. तुमची थांबेल?"

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

"सिस्टर, भुलीची सुई ठेवा खाली," ते हळूच म्हणाले. "जाऊ दे एक तास."