कंबरेचा दोरा

फार पूर्वीची, श्रावणातल्या एका पंचमीची ही गोष्ट. त्या दिवशी आभाळ भरून आले होते आणि वारा पडला होता.

जत्रेपासून गावात एकच गाणे चालले होते. गाणारे निघून गेले, गाणे मागे राहिले: ‘वेतासारखी कंबर जिची, चांद तिच्या दारी.’ पाणवठ्यावर, जात्यावर पोरी तेच म्हणत.

कुंभाराची थोरली मुलगी तर दिवसभर गुणगुणे. चाकावरचे मडके कापायच्या दोऱ्याने ती कंबर मोजी आणि तो परकराआड कंबरेलाच बांधून ठेवी. दोरा सैल झाला की गाठ आणखी आत घेई. आपली भाकरी ती गुपचूप शेळीला घाली.

“जेवलीस का गं?” आई विचारी.

“मघाशीच.”

आईला तिचे हात गार लागत. फणीत केसांचे पुंजके येत. शेळी मात्र फुगत चालली.

“गाभण दिसते,” कुंभार म्हणाला.

“बोकड कुठाय आपल्याकडे?” आई म्हणाली.

पंचमीला पोरी फुगडीला जमल्या. थोरलीने धाकट्या बहिणीचे हात धरले. दोघी मागे रेलून गरगर फिरू लागल्या, तोंडी तेच गाणे. फुगडीत एकीचा भार दुसरीने तोलायचा असतो. थोरलीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बोटे सुटली. धाकटी पाराच्या दगडावर आदळली आणि उठलीच नाही.

वैद्याने मोडलेला हात बांधला. श्वास मोकळा व्हावा म्हणून परकर सैल केला. आत कातडीत रुतलेला दोरा होता.

“हा कोणी बांधला?”

थोरलीने वाकून पाहिले. दोऱ्याची गाठ ती स्वतः बांधी तशीच होती.

“पोटात अन्न नाही हिच्या,” वैद्य हळू आवाजात म्हणाला. “आज खाल्ले नाही, तर माझा उपाय चालायचा नाही.”

संध्याकाळी धाकटीने डोळे उघडले. आईने दुधात कुस्करलेली भाकरी पुढे केली. तिने तोंड फिरवले.

“ताई कुठे खाते? मी पण शेळीलाच देते.”

आईने वाटी थोरलीपुढे धरली. थोरलीला अजूनही त्या घासाची भीती वाटत होती. तिने तो तोंडात घातला, चावला, गिळला. दुसरा धाकटीच्या ओठांशी नेला. बऱ्याच वेळाने ओठ उघडले.

धाकटी जगली. तिचा हात वाकडा जुळला. शेळी गाभण नव्हती.

बोध इतकाच: गाण्याच्या मापाने अंग मोजू नये, आपल्यामागून धाकटी तोच दोरा बांधते.