तात्यासाहेबांचा निरोपाचा धडा

बोलणं नम्रपणे कसं संपवावं, हे मुलांना शिकवायला शाळा समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब इंगवले आले, आणि दीड तास झाला तरी त्यांचंच बोलणं संपेना. वाडीवरच्या मुलांची शेवटची एसटी पाचला सुटायची. वर्गात चुळबुळ वाढली. गुरव सर सारखे घड्याळाकडे बघत होते, पण अध्यक्षांना थांबवणार कोण? तेवढ्यात स्टँडवरून हॉर्न ऐकू आला.

"समोरच्याचं कौतुक करावं, कारण सांगावं आणि 'येतो' म्हणून उठावं," तात्यासाहेब चौथ्यांदा म्हणाले. "समजलं का?"

सहावीतली मथुरा उभी राहिली. "समजलं. करून दाखवू?"

"दाखव की," तात्यासाहेब खूश झाले.

मथुराने दप्तर खांद्याला अडकवलं आणि हात जोडले. "तात्यासाहेब, तुमच्याकडून फार शिकायला मिळालं. आमची गाडी सुटतेय. येते." आणि ती दाराबाहेर पडली.

"शाब्बास. एकही चूक नाही," म्हणत तात्यासाहेब ती परत यायची वाट बघू लागले. तोवर दुसरा उठला, मग तिसरी, मग रांगच लागली. प्रत्येकाला शाब्बासकी द्यावीच लागली.

वर्ग रिकामा झाला. तात्यासाहेबांनी वळून पाहिलं, तर पिशवी काखेत मारून गुरव सर हात जोडून उभे.

"तात्यासाहेब, माझंही जरा तपासता का?"