सम्राटाच्या डोक्यावर घण

नाणं एक, बाजू दोन, आणि हक्क सांगणारे तिघं! एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याचा लाडका हत्ती, आणि आता रोमचा दूत रुफिनस अडून बसला होता, की नाण्यावर आमचे सम्राट हवेत. तेही वर, कोणाच्या खाली नाही!

आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा राजा मास्तिगान. राज्य त्याचं, पण चालायचं रोमच्या मर्जीवर. नाही म्हणायची सोय नव्हती आणि हत्ती काढायची तयारी नव्हती. हट्टी माणूस कात्रीत सापडला, की राग दुसऱ्यावर काढतो. त्याने टांकसाळीतल्या म्हाताऱ्या गिस्कोला फर्मावलं, "माझा चेहरा राहिला पाहिजे, हत्ती राहिला पाहिजे आणि दूतही मुकाट परत गेला पाहिजे! तीन दिवसांत जमलं नाही, तर टांकसाळ सोडून चालू लाग!"

गिस्कोने हायच खाल्ली. चाळीस वर्षं नाणी पाडायचे ठसे कोरून त्याची नजर गेली होती. हल्ली ठसे कोरायची ती त्याची मुलगी अरिशात. टांकसाळ सुटली, तर बाबांनी या वयात जायचं कुठे? मग डोळे पुसून तिने छिन्नी हातात घेतली.

तिसऱ्या दिवशी दरबारात ऐरण मांडली गेली. ऐरणीत खालचा ठसा, त्यात राजा. त्यावर चांदीची चकती. आणि चकतीवर टेकवलेल्या वरच्या ठशात सम्राट, नाक अगदी हुबेहूब!

राजा भडकला. "माझा हत्ती कुठाय?"

"येईल महाराज, जरा दम धरा." अरिशातने घण दूतापुढे धरला. "पहिला मान तुमचा, साहेब. हाणा!"

रुफिनसने ऐटीत घण उचलला. "कुठे मारू?"

"सम्राटांच्या डोक्यावर."

घण हवेतच थांबला. "काय बोलतेस!"

"सम्राट वर हवेत म्हणालात ना? घाव वरच्याच ठशावर बसतो. आणि हळू मारून चालत नाही हं, चांदी ऐकत नाही! एका नाण्याला दोन घाव. दिवसाला नाणी हजार."

"रोममध्येही अशीच पाडतात!"

"तिथे घण त्यांच्या घरचा. इथे तो आमच्या इथल्या मूर जमातीच्या गड्यांच्या हातात. रोज हाणतील, आणि मनापासून हाणतील! सम्राटांना वर ठेवायच्या हुकमावर मोहोर मात्र तुमची लागेल."

दूताला घाम फुटला. "मग... खाली ठेव त्यांना!"

"आणि आमचे महाराज त्यांच्या उरावर?"

"नको, नको!" रुफिनसने घण टाकला. "सम्राट नकोतच या नाण्यावर! त्यांचा मान राखला, असं मी रोमला कळवतो."

अरिशातने झोळीतून दुसरा ठसा काढला. त्यात हत्ती होता, सोंड उंचावून उभा. "याची पाठ रुंद आहे, घाव सोसेल."

राजा खुलला, पण लगेच त्याच्या कपाळाला आठी पडली. "थांब, पोरी! खाली मी, वर हत्ती, त्याच्यावर घण? म्हणजे रोज दणके मलाच?"

"महाराज, रोमच्या हाताखाली राज्य करता. दणके सोसायची सवय तुमच्याइतकी कोणाला आहे?"

गिस्कोने डोळे घट्ट मिटले. आणि राजा असा काही हसला, की मुकुट कलला! दूतही तोंड फिरवून हसत होता.

तिथल्या तिथे हुकूम निघाला. टांकसाळ अरिशातच्या ताब्यात, गिस्कोला आयुष्यभर बसून पगार. शिवाय हत्तीच्या पायाशी आपली खूण कोरायची मुभाही तिला मिळाली.

तिने तिथे एवढासा घण कोरला.