चांगल्या सेटरचा वाद

“मग बाई, तुम्हीच सांगा. कॉलेजच्या मुलींमध्ये सगळ्यात चांगली सेटर कोण?”

केतकी मोहितेने हे विचारलं तेव्हा निकम बाई मैदानावर वाकून चुन्याच्या फक्कीने रेघ मारत होत्या.

त्यांनी मान वर केली नाही.

“दोरी ताण,” त्या म्हणाल्या.

केतकीने आपल्या हातातलं टोक ताणलं. दुसरं टोक वैजूने पायाखाली दाबून धरलं होतं. दुपार उतरली होती. मैदानावर नुकतंच पाणी मारलं होतं आणि सराव सुरू व्हायला थोडा वेळ होता.

कऱ्हाडकडच्या त्या महिला महाविद्यालयात बाकीच्या सगळ्या मॅडम होत्या. निकम बाई तेवढ्या बाई. त्यांनी व्हॉलीबॉल शिकवलेल्या मुलींच्या मुली आता त्यांच्याकडे खेळायला येत होत्या.

केतकी त्यांची सेटर. आलेला बॉल बोटांवर घेऊन जाळीजवळ उचलून द्यायचा हे तिचं काम. तो उडी मारून पलीकडे आपटायचा हे वैजूचं.

“लातूरची बनसोडे,” वैजू म्हणाली. “सकाळपासून सांगतेय मी हिला.”

“बनसोडे? ती बॉल द्यायच्या आधी तिकडे बघते. समोरच्यांना कळतं ना लगेच!”

“कळू दे की. बॉल कसा अलगद हातात येतो.”

“तुला कधी दिलाय तिने?”

“शिबिरात दिला होता. त्या शिबिरात जेवायला काय होतं ते विसरले, पण तो बॉल नाही विसरले.”

“तू जेवण विसरलीस? थापा मारू नकोस.” केतकी बाईंकडे वळली. “बाई, अमरावतीची ढोले बघा. मान न वळवता मागे बॉल देते. पाठीला डोळे असल्यासारखी. आणि मोबाइलवर दाखवली होती ती केरळची, ती तर उडी मारून हवेतच सेट करते.”

“उडी मारते म्हणून चांगली? मग माकडच घेऊ या टीममध्ये.”

“तुला काय कळतंय गं सेटिंगमधलं? तुझं काम नुसतं आपटायचं.”

“आणि तुझं मला द्यायचं. दे आणि गप्प बस.”

“रेघ वाकडी झाली,” निकम बाई म्हणाल्या. “तुमच्या त्या केरळपायी.”

त्यांनी बुटाने रेघ पुसली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. नेसूची साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, हात कोपरापर्यंत पांढरे.

“काल बसमध्ये हेच. आज सकाळी मेसमध्ये हेच. परवा इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर हेच, त्याची तक्रार माझ्याकडे आली. बनसोडे नि ढोले, ढोले नि बनसोडे. त्या दोघी तिकडे सुखाने जेवत असतील. तुमचं काय चाललंय?”

“आम्ही वाद घालत नाही बाई. विचारतोय.”

“तू बनसोडेबद्दल विचारत नाहीस.”

“मग?”

“दोरी ढिली सोडलीस.”

केतकीने दोरी पुन्हा ताणली. या खेपेला जरा जास्तच. वैजूचा पाय सरकला.

केतकीला काय विचारायचं होतं ते तिघींनाही माहीत होतं.

यंदा दोन स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या होत्या. मोठी टीम आंतरमहाविद्यालयीन फेरीसाठी कोल्हापूरला जाणार होती. पहिल्या वर्षाच्या मुली साताऱ्याला जाणार होत्या, नुसती सवय व्हावी म्हणून. त्यातल्या निम्म्या मुलींनी कॉलेजात येईपर्यंत बॉलला हात लावला नव्हता. एक तर बॉल आला की डोळेच मिटायची.

सेटर मात्र कॉलेजात दोनच होत्या. केतकी आणि परवीन मुजावर. एकीला कोल्हापूर, दुसरीला सातारा. कोणाला कुठे, ते आज सरावानंतर कळायचं होतं.

केतकीचं हे शेवटचं वर्ष. घरून तिला स्वच्छ सांगितलं होतं, यंदा काय खेळायचं ते खेळून घे, पुढे नाही.

“बाई...” ती म्हणाली. “परवीन वाईट आहे असं मी म्हणत नाही.”

“बरं.”

“पण तिचे बॉल बघा ना तुम्ही. एक उंच, एक बुटका, एक तिसरीकडेच. माझा प्रत्येक बॉल एका मापाचा जातो. तुम्हीच शिकवलंय. जाळीपासून वीतभर अलीकडे, जाळी बांधलेल्या दांडीच्या वर दोन हात. वैजू, सांग ना!”

“जातो,” वैजू म्हणाली. “डोळे मिटून मारावा असा जातो.”

“बघा.”

बाईंनी फक्कीचा डबा हलवून पाहिला.

“काहीतरी बोला ना बाई! तुम्ही नेहमी असं करता. सरळ विचारलं की दोरी, नाहीतर फक्की, नाहीतर बूट नीट बांध. मी चांगली नसेन तर तसं सांगा. मी ऐकून घेईन.”

“घेशील?”

“...घेईन.”

निकम बाईंनी फक्कीचा डबा खाली ठेवला. पदर कमरेला खोचला. जाळीच्या डाव्या टोकाला, जिथून वैजू उडी मारायची तिथे, त्या जाऊन उभ्या राहिल्या.

“वैजू, हिला बॉल टाक. आणि केतकी, तू मला दे.”

“तुम्हाला?”

“मला.”

वैजूने हसू दाबत बॉल टाकला. केतकी दोन पावलं सरकली, गुडघे वाकवले, बोटं उघडली. बॉल आवाज न करता तिच्या हातातून सुटला. जाळीपासून वीतभर अलीकडे. दांडीच्या वर दोन हात. जरासुद्धा न फिरता.

तो वर गेला, थांबल्यासारखा झाला आणि खाली आला. निकम बाईंच्या समोरून त्यांच्या बुटापाशी पडला.

बाई हलल्या नव्हत्या.

“बाई, उडी!” वैजू म्हणाली आणि मग तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

केतकीने पुन्हा दिला. तसाच. तोही पडला.

“बॉल कसा होता?” बाईंनी विचारलं.

“एकदम मापात.”

“मग?”

“मग काय? तुम्ही मारलाच नाहीत! तुमचे गुडघे दुखतात, तुमचा खांदा धरलाय, त्याला मी काय करू? वैजूने हे दोन्ही मारले असते. कोणीही मारले असते.”

“हो,” बाई म्हणाल्या.

एवढ्यात परवीन मैदानावर आली. मागे पहिल्या वर्षाच्या चार-पाच मुली होत्या. बाई जाळीपाशी पदर खोचून उभ्या आहेत हे पाहून त्या कडेलाच थांबल्या.

“परवीन, ये,” बाई म्हणाल्या. “मला बॉल दे.”

परवीनने केतकीकडे पाहिलं. केतकीने आकाशाकडे पाहिलं.

“खेळणार आहात बाई?”

“हो. कोल्हापूरला जाईन म्हणते.”

परवीन बाईंजवळ गेली. नवीन मुलगी आली की ती जे करायची तेच तिने केलं.

“हात वर करा बघू.”

बाईंनी उजवा हात वर केला. तो कानाच्या जरा वर जाऊन थांबला.

“अजून?”

“नाही जात गं.”

“दुखतो?”

“तिथून पुढे दुखतो.”

परवीनने मान हलवली आणि आपल्या जागी गेली. वैजूने बॉल टाकला. परवीनने तो उचलला. बॉल जाळीपासून बराच मागे, अगदी बुटका, थोडा फिरत गेला आणि थेट बाईंच्या चष्म्यावर बसला.

वैजू मटकन खालीच बसली. कडेच्या मुलींना हसावं की नाही कळेना.

“या अल्ला! बाई, लागलं?”

“चष्मा शाबूत आहे. डोळाही आहे.” बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. “पुन्हा.”

“बघा!” केतकी म्हणाली. “मी म्हटलं नव्हतं?”

“तू गप्प. पुन्हा टाक, वैजू.”

या वेळी परवीनने बॉल आणखी मागे दिला. तो बाईंच्या कपाळासमोर सावकाश उतरला, जणू कोणी हातात ठेवतंय. बाईंनी कानापर्यंतच हात नेला आणि तळव्याने बॉल वर ढकलला.

बॉल जाळीच्या पट्टीला घासला. वर डुलला. पलीकडे पडला.

कडेच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. डोळे मिटणारी सगळ्यात मोठ्याने.

बाई खांदा चोळत हसल्या. त्यांना असं हसताना केतकीने पूर्वी पाहिलं नव्हतं. त्याचाही तिला राग आला.

“बाई, याला सेट म्हणायचं? कोणत्या मॅचमध्ये असा बॉल देतात? हा बॉल बनसोडे देईल का? ढोले देईल का?”

“मला काय माहीत? त्या मला कुठे भेटल्या?”

“दिसायला तरी...”

“दिसायला तुझा चांगला. दोन्ही वेळा.”

“मग!”

“मग काय? बघतच राहिले मी.”

परवीनने बॉल उचलून आणला आणि मुलींना जाळीच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. एकेकीला ती जाळीखाली उभी करू लागली. हात वर कर. अजून. बस. आता तू. हात वर कर.

केतकी बघत उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढलेलाच होता.

“मी थकले बाई, तुमच्याशी बोलून. खरंच थकले. मला ते काही नको. बनसोडे नको, ढोले नको. एकच सांगा. कोल्हापूरला कोण जातंय?”

“तू.”

“...काय?”

“तू जातेस. सकाळीच नाव देऊन आले मी.”

वैजूने किंचाळून केतकीला मिठी मारली. केतकीने तिला बाजूला केलं. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि बाईंच्या चेहऱ्यावर अजून काहीच दिसत नव्हतं.

“सकाळीच? मग एवढा वेळ मला... जाऊ दे. जाऊ दे बाई. म्हणजे परवीन साताऱ्याला.”

“हो.”

“म्हणजे शेवटी मीच. दोघींमध्ये चांगली मीच ना? एवढं तरी तुमच्या तोंडून ऐकू दे.”

निकम बाईंनी पदर सोडला. पलीकडच्या टोकाला डोळे मिटणाऱ्या मुलीने हात वर केला होता आणि परवीन तिच्यासमोर टाचा उंचावून तिचा तळवा कुठवर पोचतो ते बघत होती. बाई तिकडेच पाहत होत्या.

“वरच्या टीमला तू चालशील,” त्या म्हणाल्या. “खालच्या टीमला सेटर लागते.”